विणकाममास्तरांची उर्दू

मास्तरांना आलेलं कुठलंही पत्र दोन माणसांनी वाचावं लागे. आधी एकाने, मोठ्याने, अगदी पत्त्यापासून. मग दुसऱ्याने, पहिल्याच्या माघारी. दोघांचं जुळलं की मगच ते पत्र मास्तरांना मिळालं असं म्हणायचं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले ते सत्तर सालच्या आसपास. सीताबर्डीवर बस सोडली की दहा मिनिटांची चाल. शाळेच्या मागे टिनाची एक लांब शेड होती, तिच्यात चार हातमाग होते आणि आठवड्यातून दोन तास मुलांना विणकाम असे. ते शिकवणारे हे मास्तर. पन्नाशीचे, किडकिडीत, जातीचे कोष्टी. नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. बोलणं थोडं, तेही मागाच्या खटखटीत विरून जाणारं.

माझा दुसराच आठवडा असेल. मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर एक पोस्टकार्ड धरलं.

"बाई, हे मले वाचून दाखवा. मोठ्यानं."

मी वाचलं. उमरेडच्या पुतणीचं होतं. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, काकांनी बारशाला यावं. मास्तरांनी मान हलवली, कार्ड घेतलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पलीकडच्या टेबलावरच्या ड्रॉइंगच्या सरांपुढे ठेवलं. सरांनी सवयीने वाचून दाखवलं. सुखरूप, मुलगी, बारसं.

मला राग आला. नवी होते, मराठीची एम.ए. होते. बाहेर व्हरांड्यात त्यांना गाठून विचारलं, "मास्तर, मला वाचता येत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

"तसं नाही बाई. तुमच्यावर भरवसा आहे." त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. "वाचणाऱ्यावर नाही."

"मी आणि वाचणारी, दोघी वेगळ्या का?"

"असतात," ते म्हणाले, आणि शेडकडे निघून गेले.

त्यांना वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. वर्तमानपत्र ते ओळ न् ओळ वाचत, ओठ न हलवता. पण मोठ्याने वाचणं त्यांनी सोडलं होतं. प्रार्थनेनंतर सुविचार वाचायची पाळी आली की ते फळ्यावर सुरेख अक्षरात लिहून बाजूला उभे राहत. एकदा एका जुन्या शिक्षकांच्या निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी हट्टाने मानपत्र त्यांच्या हातात दिलं. मास्तर कागद घेऊन उभे राहिले. अर्धं मिनिट, एक मिनिट. मुलं हसायला लागली. मग हसू आपोआप थांबलं, कारण मास्तरांच्या हनुवटीवरून घाम टपटप कागदावर पडत होता आणि शाई पसरत होती. त्यांनी तो ओला कागद माझ्या हातात दिला. "बाई, तुम्ही." त्यानंतर त्यांना कोणी कधी वाचायला सांगितलं नाही.

ते उर्दूत गोष्टी लिहितात हे मला टपालामुळे कळलं. शाळेच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने एक पातळ मासिक आलं. मी ते डावीकडून उघडलं आणि शेवटचं पान हाती आलं. मास्तर शेजारी उभे होते. "यात माझी गोष्ट आहे," ते म्हणाले. आपल्याला सर्दी झाली आहे असं माणूस सांगतो, तितक्याच सहज.

"उर्दूत? तुम्हाला कशी येते?"

"आमच्या गल्लीच्या मागं मोमिनांचे माग होते. त्यांच्या पोरांसंगं शिकलो. मौलवीसाहेब मारायचे तं सगळ्यांले सारखेच मारायचे."

"आणि लिहिता काहून उर्दूत? मराठीत काहून नाही?" वर्षभरात माझ्याही तोंडात काहून बसलं होतं.

त्यांनी मासिक माझ्या हातातून घेतलं आणि सुलट बाजूने उघडून दिलं. मी म्हटलं, मला शिकवा. ते हो म्हणाले, याचंच मला अजून नवल वाटतं.

शाळा सुटल्यावर शेडमध्ये तासभर शिकवणी चाले. शिकवायची त्यांची रीत न्यारी. ते लिहीत, मी वाचायचं, ते मान हलवत. त्यांच्या तोंडून अलिफसुद्धा कधी निघाला नाही. स्वतःच्या गोष्टी लिहितानाही त्यांची एक खोड होती. आधी सगळं पान ठिपक्यांशिवाय लिहून ठेवत. उर्दूत एकाच आकाराच्या अक्षराला खाली एक ठिपका दिला की ब होतो, वर दोन दिले की त. ठिपकेच नसले तर शब्द कसाही वाचता येतो. "आज हे काहीही आहे बाई," ते म्हणत. "पाहिजे ते वाचा." ठिपके दुसऱ्या दिवशी. ते देताना मात्र त्यांचा हात दर ठिपक्यापाशी अडे. मागावर तुटलेला धागा एका चिमटीत सांधणारा हात तो.

एका मागाशेजारी ठेंगणं लाकडी स्टूल होतं. पहिल्याच दिवशी मी त्यावर बसायला गेले.

"तिथं नका बसू बाई. ती बसून राहिली."

मी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि हसले. माझं हसणं संपेपर्यंत मास्तर शांतपणे थांबले, मग खुर्ची पुढे सरकवली. त्यानंतर मी पाहू लागले. लिहिता लिहिता ते मध्येच थांबत, मान त्या स्टुलाकडे कलती करत, थोडा वेळ ऐकत, आणि लिहिलेली ओळ खोडून टाकत. एकदा मी चेष्टेने विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणते, मी अशी नव्हती बोलली."

चेष्टा करायचं मी त्या दिवसापासून सोडलं. पुढे पुढे तर त्या स्टुलाजवळून जाताना मी पदर आवरून घ्यायला लागले. कोणाला लागू नये म्हणून आपण आवरतो तसा.

आठ-नऊ महिन्यांत मला अडखळत का होईना वाचता यायला लागलं. मास्तरांनी जुने अंक दिले. पहिली गोष्ट एका मुनशीची होती. शेजारच्या बाईचा नवरा परगावी नोकरीला. त्याची पत्रं मुनशी तिला वाचून दाखवतो. मुनशीचा तिच्यावर जीव. नवरा लिहितो, ये. मुनशी वाचतो, येऊ नकोस. ती सांगते, लिहा मी येते. मुनशी लिहितो, मला यायचं नाही. शेवटी नवरा दुसरी बायको करतो, आणि ही विहिरीत जीव देते. मुनशी फकीर होऊन तिच्या विहिरीचं पाणी वाटसरूंना पाजत उरलेलं आयुष्य काढतो.

चांगली होती गोष्ट. दुसरी वाचली. तिच्यात डोंगरातल्या गावचा पोस्टमन होता, पण बाई तीच. तिसरीत दर्ग्याचा चिराग लावणारा. चौथीत वकिलाचा कारकून. माणसं बदलत, गाव बदले. पत्रं तीच आणि बाई तीच. तिच्या डाव्या भुवईत मधोमध जुन्या जखमेची पांढरी रेघ. ती अंगठ्याने करंगळीच्या पेरापासून मोजत वर जायची. धाग्याचं टोक खालच्या ओठाला लावून ओलं करायची आणि मग क्षणभर डोळे मिटायची. पत्र ऐकताना तिचं तोंड किंचित उघडं राहायचं. प्रत्येक गोष्टीत ती मरायची. तापाने, आगीत, रेल्वेखाली. आणि प्रत्येक गोष्टीत तो माणूस वेगळी तौबा करायचा. एक मुका झाला, एकाने आपले डोळे फोडून घेतले.

नववी गोष्ट वाचून मी अंक मिटला. "मास्तर, हे घडलेलं आहे का?"

"गोष्ट आहे बाई."

"ती कधी गेली?"

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. "अजून लिहून राहिलो ना," ते म्हणाले.

मी धरून चाललेच होते की ती मेली. त्यामुळे गोळीबार चौकाच्या बाजूला एका साडीचे काठ बदलून घ्यायला गेले तेव्हा जे झालं, ते असं झालं. दुपारची वेळ. कोष्टीपुऱ्यातली अरुंद गल्ली. एका ओट्यावर पन्नाशीची एक बाई रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी पत्ता विचारायला थांबले. तिने मान वर केली. डाव्या भुवईत पांढरी रेघ.

धागा तुटला. आता ती टोक ओठाला लावेल, मी मनात म्हटलं. तिने लावलं. आता डोळे मिटेल. मिटले. मग भरलेल्या कांड्या मोजायला अंगठा करंगळीवर गेला. जिला मी नऊ वेळा मरताना वाचलं होतं ती माझ्यासमोर कांड्या मोजत होती.

"काहून अशी पाहून राहिली वं बाई?" ती म्हणाली. "भूत पाहिलं काय?"

मी पाणी मागितलं. तिने पाणी दिलं, बसवलं. सगुणाबाई तिचं नाव. कोणत्या शाळेत शिकवता म्हणाली. मी सांगितलं. तिची नजर जराशी थांबली, मग म्हणाली, "आमच्या गल्लीतले एक भाऊजी आहेत तिथं. सात घरं सोडून राहते." मी विचारायच्या आधीच तिने बाकीचं सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. नवरा बऱ्हाणपूरला गिरणीत होता. दोन वर्षं पत्रं यायची. मग त्याने दुसरी केली. मागच्या साली वारला म्हणतात. पुतण्याला हिनेच वाढवलं, तो आता भिलाईला आहे.

"पत्रं कोण वाचायचं?"

"भाऊजीच. त्यांच्याशिवाय शिकलेलं कोण होतं तेव्हा?" ती रहाट फिरवू लागली. "शेवटचं पत्र वाचलं, त्या दिवशी मी नाही रडली. तेच रडले. मंग लग्नही नाही केलं त्यांनी. बिचारे."

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन उभ्यानेच म्हटलं, "मास्तर, ती जिवंत आहे."

त्यांचा हात मागाच्या धोट्यावर होता, तो तिथेच राहिला. म्हणाले, "तुम्ही पाहिलं तिले?"

"बोलले. पाणी प्यायले तिच्या हातचं."

"दिसते का तिले अजून बरोबर? कांड्या भरून भरून डोळे जातात बायकांचे."

"जवळ तर राहता. जाऊन पाहा ना!"

मग ते बोलले. एरवी न बोलणारा माणूस बोलतो तसे, खाली बघून, एकाच सुरात. त्यांनी सतरा पत्रं वाचली होती. प्रत्येक पत्राला पंधरा-वीस मिनिटं ते तिच्यासमोर बसत आणि ती तोंड किंचित उघडं ठेवून ऐके. "त्या पंधरा मिनिटांसाठी केलं बाई. ती गेली असती तं मी कोणाले पाहिलं असतं?" सोळा पत्रं खोटी वाचली. सतरावं, नवऱ्याने दुसरी केल्याचं, ते जसंच्या तसं वाचलं. ती आता आपल्याकडे वळेल असं त्यांना वाटलं होतं. ती वळली नाही. पत्रं घेतली, पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि घरात गेली. तेव्हापासून मास्तर तिच्या दारावरून गेले नव्हते. सात घरांचं अंतर टाळायला रोज चौकाला वळसा घालून घरी जात. "डबा तिच्यापाशी आहे बाई. कोणीही चार बुकं शिकलेलं पोरगं ते उघडून वाचू शकते. तीस वर्षं होत आली, मी त्या डब्याले भेत राहिलो."

"मग तुम्हीच सांगून टाका तिला."

"सांगितलं. एकेचाळीस वेळा सांगितलं." त्यांनी अंकांच्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"तिला उर्दू येत नाही, मास्तर!"

"म्हणून तं उर्दूत," ते म्हणाले. "मराठीत लिहिलं असतं तं ते खरं झालं असतं ना बाई."

मला त्यांची किळस आली. खोटं कशाला बोलू, आली. चाळीस जणांना फकीर करून, आंधळं करून या माणसाने आपलं मन निववलं होतं, आणि जिचं नुकसान झालं तिला त्यातला एक शब्द कळू दिला नव्हता. पंधरा दिवस मी शेडकडे गेले नाही. पण रात्री झोप माझीही गेली होती. मला ठाऊक होतं आणि सगुणाबाईला नव्हतं. म्हणजे आता तिच्यापासून पत्र लपवणारी मीही होतेच.

पंधरा दिवसांनी मास्तरच आले. दाढी वाढलेली, वरचं बटण उघडं. ते उघडं बटण पाहून मी घाबरले.

"ती येत नाही आता," ते म्हणाले. "तुम्ही तिले जिवंत पाहिलं त्या दिवसापासून स्टूल रिकामं आहे. लिहिणं होत नाही. चला बाई संगं. मी एकटा नाही जाऊ शकत."

रविवारची सकाळ होती. त्या दिवशी मास्तरांनी चौकाचा वळसा घेतला नाही. सरळ गल्लीतून आले, प्रत्येक घर मोजत. सगुणाबाई ओट्यावर होती. मास्तर पायरीखाली उभे राहिले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून मला दिला. मराठीत लिहिला होता. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "राहू दे वं. मले माहीत आहे."

"काय माहीत आहे, वहिनी?" मास्तरांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"पोरगा चौथीत गेला तेव्हा त्याच्याकडून वाचून घेतली सगळी. एका दुपारी. त्याले काही समजलं नाही. मले समजलं."

तो पुतण्या आता तिशीचा होता. मी मनात वर्षं मोजली. मास्तरांनीही मोजली असावीत, कारण ते पायरीवर बसले, बसवल्यासारखे.

"वीस वर्षं?" ते म्हणाले. "मंग काहून नाही बोलली तुम्ही?"

"तुम्ही काहून नाही बोलले?"

रहाट फिरत राहिला. मग ती म्हणाली, "मी बोलली असती तं तुम्ही पाया पडले असते. रडले असते. मोकळे झाले असते. मी कशाले मोकळं करू? रोज चौकाले वळसा घालून जाता, ते मी इथून पाहत होती. मले बरं वाटत होतं."

हे ती रागाने म्हणाली नाही. तिने 'बिचारे' म्हटलं होतं त्याच आवाजात म्हणाली. तीस वर्षं एक माणूस जिच्या भुतापुढे बसून लिहीत होता, ती सात घरांवर बसून त्याच्याकडे पाहत होती.

ती आत गेली आणि डबा घेऊन आली. तळाचं, पहिलं पत्र काढून मास्तरांपुढे धरलं. "वाचा. लिहिलं आहे तसं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला. मग, तीस वर्षांनी, ते मोठ्याने वाचू लागले. पत्र साधंच होतं. पोचलो. काम लागलं. नदीच्या बाजूला खोली पाहिली आहे, एक खिडकी आहे. भावाला घेऊन ये, तुझ्यावाचून करमत नाही.

सगुणाबाईचा रहाट थांबला होता. तोंड किंचित उघडं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "लिहा."

"काय?"

"जबाब लिहा. येते म्हणा. आईंचं दुखणं आहे, आठ दिवसांनी निघते. खिडकीले पडदा नका आणू, मी इथून विणून आणते."

आवाज पन्नाशीच्या बाईचा नव्हता. शपथेवर सांगते, तो आवाज विशीतल्या मुलीचा होता, लाजणारा, घाईतला. मास्तरांनी त्यांच्याच मराठी कागदाच्या पाठीवर ते लिहून घेतलं. मग विचारलं, "हे आता कुठं टाकू, वहिनी?"

"तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली. "तेव्हाही तुम्हीच ठेवलं होतं."

रोज चार वाजता एक पत्र, असं तिने ठरवून दिलं. मी आणखी तीन-चार वेळा गेले, नंतर मला सोसेना. मेलेल्या माणसाला ती विचारी, दिवाळीला येता का, तब्येत कशी आहे, तिकडे ज्वारी मिळते की नाही. रागावे, रुसे, पुन्हा समजूत घाली. मास्तर खाली मान घालून लिहीत. गल्लीतल्या बायका आधी हसत, मग आपापल्या दारांशी गुपचूप उभ्या राहून ऐकू लागल्या. सोळाव्या पत्राचा जबाब तिने सगळ्यात लांबलचक सांगितला म्हणे. सतरावं मास्तरांनी हाती घेतलं तेव्हा तिने ते परत मागून घेतलं. "हे तुम्ही बरोबर वाचलं होतं," म्हणाली, आणि डबा बंद केला.

मास्तर त्यानंतर पाच वर्षं जगले. गोष्ट पुन्हा लिहिली नाही. ते गेल्यावर पुतणीने त्यांची पेटी माझ्याकडे दिली. उर्दू अंकांखाली एका जुन्या रुमालात ते सोळा कागद होते. त्यांनी मराठीत काही लिहिलं असेल तर तेवढंच, आणि पहिल्या कागदाची मागची बाजू सोडली तर त्यातला शब्दही त्यांचा नाही.

मला मात्र आठवत राहतो तो डबा बंद झाल्याचा दुसरा दिवस. त्या दिवसाबद्दल मास्तरांनीच सांगितलं, शेडमध्ये, हसत होते की काय ते कळू न देता. चार वाजले तशी त्यांची पावलं आपोआप तिकडे वळली. वाचायला काही उरलेलं नाही हे वाटेतच ध्यानात आलं, तरी गेले. सगुणाबाई ओट्यावर कांड्या भरत होती. मास्तर पायरीशी उभे राहिले. तिने मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं, रस्त्यावरच्या कोणाकडेही पाहावं तसं. भाऊजी म्हणाली नाही.

"कोण पाहिजे गा?" तिने विचारलं.

मास्तरांनी हात जोडले.

"कोणी नाही, बाई," ते म्हणाले. "चुकलो."

"असू दे," ती म्हणाली. "होते असं." आणि तिने रहाट फिरवला.